हाकेला दुसरी ओ

आमच्या तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत मुख्य खटका चालू करण्यापूर्वी निदेशक एक हाक देत. "सगळे बाजूला आहेत?" यंत्रांपाशी उभ्या असलेल्या प्रत्येकाने त्यावर मोठ्याने "आहे!" म्हणायचे. नुसती मान हलवून भागत नसे आणि शेजाऱ्याच्या वतीने बोललेले ग्राह्य धरले जात नसे. एकाचीही ओ आली नाही, तर खटका जागच्या जागी राही आणि निदेशक आमच्याकडे पाठ करून शांतपणे चष्मा पुसत उभे राहत. तिथे शिकलेली बरीच सूत्रे मी पुढे विसरलो. ही रीत मात्र हाडीमासी खिळली.

इमारतींची पाहणी करणे हा माझा व्यवसाय होता. बांधकामाचे फाटक बंद करण्यापूर्वी मी हाक देई आणि आत अडकलेला एखादा गवंडी "थांबा, थांबा, आहे!" म्हणत धावत येई. घरीही तेच. संध्याकाळी दाराला कडी घालण्यापूर्वी जिन्याच्या पायथ्याशी उभा राहून मी विचारी, "सगळे आहेत का घरात?" बायको स्वयंपाकघरातून म्हणे, "आहे हो आहे! पळून जाते कुठे?" आणि वरच्या खोलीतून मुलगी म्हणे, "आहे!" मग मी कडी घाली.

बायको आधी गेली. मुलगी लग्नानंतर नवऱ्यासह आमच्याच घरी राहत होती. एका संध्याकाळी कामावरून परतताना रस्त्यावरच्या अपघातात ती गेली. त्या रात्री दाराला कडी लागली नाही. पुढेही कित्येक दिवस लागली नाही, कारण मी हाक दिली की वरून फक्त माझ्या चिमुकल्या नातीची ओ येई आणि माझा हात कडीपाशी थांबून राही. जावई त्यानंतर दूरच्या नोकरीवर गेले, तिथे त्यांनी दुसरा संसार मांडला. नात माझ्याकडेच राहिली, आपल्या आईच्या खोलीत.

मग एका संध्याकाळी वरून दोन वेळा ओ आली. एक "आहे" नातीचे, कोवळे, टोकदार. त्यामागोमाग दुसरे, किंचित खालच्या पट्टीतले, सावकाश. पोरीला माझी अडचण उमगली आहे, ती आईच्या वतीनेही ओ देते आहे, असे मी समजलो. दुसऱ्याच्या वतीने दिलेली ओ माझ्या रीतीत बसत नव्हती, तरीही मी कडी घातली. त्या दिवसापासून दोन "आहे" ऐकल्यावरच कडी लागत आली आणि त्याबद्दल आम्ही दोघे एकमेकांशी कधी चकार शब्द बोललो नाही.

नातीला आम्ही खडू म्हणतो. लहानपणी ती तशीच दिसे, बारीक आणि पांढरीफटक. यंदा खडूला विद्यापीठात प्रवेश मिळाला. विद्यापीठ दुसऱ्या शहरात, रोज ये-जा करण्यासारखे अंतर नव्हते. पहिले वर्ष तिने कुठे राहायचे, हे ठरवण्यासाठी आम्ही दोघे तिकडे गेलो. मी खिशात ओळंबा, पाणसळ आणि छोटी विजेरी घेतली होती.

"आबा, ओळंबा कशाला?" बसमध्ये तिने विचारले.

"भिंत सरळ आहे की नाही, ते कळायला नको?"

"उद्या माझ्यासाठी मुलगा बघायला जाल, तेव्हा त्याच्या डोक्यावरूनसुद्धा ओळंबा सोडाल तुम्ही."

"पाणसळही ठेवीन. डोक्यावर सपाट जागा मिळाली, तर."

आधी आम्ही वसतिगृह पाहिले. एका लांबट खोलीत चार खाटा, चार लोखंडी कपाटे आणि सर्वत्र दोऱ्यांवर ओले कपडे. वरच्या कोपऱ्यात ओलीचा नकाशा उमटलेला होता. खिडकीची झडप चौकटीला नीट टेकत नव्हती. केस पुसत बसलेली एक मुलगी खडूला म्हणाली, "घोरतेस का गं? नाही ना? मग ती खिडकीजवळची घे. भिंतीकडची घेऊ नकोस, तिच्या शेजारी ही असते." ही म्हणून जिच्याकडे बोट दाखवले, तिने पांघरुणातूनच उशी भिरकावली. रेक्टरबाईंनी सांगितले की रोज संध्याकाळी हजेरी होते आणि त्या स्वतः प्रत्येकीचे नाव घेतात. मी खडूला बाहेर आणून म्हटले, "अभ्यास व्हायचा नाही इथे." तिथून आम्ही कपडे धुण्याच्या दुकानावरचा, तीन विद्यार्थिनींनी मिळून घेतलेला एक फ्लॅट पाहायला गेलो. त्याच्या जिन्याला कठडाच नव्हता. मी अर्ध्या जिन्यावरून तिला परत फिरवले.

तिसरी जागा विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत होती. खाली पुस्तकबांधणीचे दुकान, वर एक खोली. दुकान चालवणाऱ्या बाई विद्यार्थ्यांच्या प्रबंधांना पुठ्ठे चढवून देत. वय माझ्याहून कमी होते, पण गुडघे गेलेले. टेबलावर पुठ्ठ्यांची चळत, दाबयंत्राखाली वाळत ठेवलेले प्रबंध आणि साऱ्या घरभर खळीचा आंबूस वास.

"तुम्ही वर जाऊन बघून या," त्या म्हणाल्या. "मला आता जिना चढवत नाही. गेल्या वर्षापासून वर पाऊल टाकलेलं नाही मी. झाडायला बाई येते, ती जाते."

खोली पाहून मी थक्क झालो. इतक्या वर्षांत इतकी निर्दोष खोली मी क्वचितच पाहिली असेन. ओळंबा सोडला, तर दोरी भिंतीला जणू चिकटून राहिली. पाणसळीतला बुडबुडा बरोबर मधोमध. ओल नाही, भेग नाही, प्रकाश डाव्या हाताने येणारा, दाराला आतून भक्कम खिटी. खाटेवर धुतलेली चादर होती, टेबलावर पेन्सिली ठेवायचा डबा. डब्यातल्या पेन्सिलींना टोके काढलेली होती.

"कुणाची खोली गं ही?" मी हळूच म्हटले.

खडू टेबलापाशी उभी होती. "काकूंच्या मुलीची असणार," ती म्हणाली. तिने पेन्सिलींना हात लावला नाही. "मी थोडा वेळ इथे बसते, आबा. कसं वाटतं ते बघते. तुम्ही काकूंशी बोला."

मी खाली आलो. बाई एका प्रबंधाच्या कण्यावर ब्रशने खळ लावत होत्या. न विचारताच त्यांनी सांगितले, "मुलगी होती माझी. विद्यापीठात पहिल्या वर्षाला होती. ताप आला आणि त्यातच गेली." त्यांनी ब्रश खळीत बुडवला. "अभ्यासाची फार हौस. यायची तीही मागच्या जिन्यानं, गुपचूप, मला न सांगता. मागच्या फाटकाची खिटी वाजली की मला कळायचं. मग मी इथूनच विचारायची."

"आता खोली भाड्याने देणे जड जात असेल तुम्हाला," मी म्हणालो.

"रिकामी ठेवणं त्याहून जड झालंय. वर कुणीतरी असावं, एवढंच. मुलगी चांगली दिसते तुमची. शांत आहे."

"आईविना वाढलेली आहे. नात आहे माझी."

"हो का?" त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिले. "मग तिला जमेल इथे."

तेवढ्यात मागच्या फाटकाची खिटी वाजली. मी खिडकीतून डोकावलो. फाटकापाशी कुणी नव्हते. खिटीची खाच झिजलेली होती आणि वाऱ्याच्या झुळकेने फाटक हलले की खिटी उचलून पडत होती. एक पातळ पट्टी ठोकली की काम झाले, असे मी बाईंना सांगणारच होतो. पण त्यांचे माझ्याकडे लक्षच नव्हते. ब्रश चालू ठेवून, मान वर न करता, हजारदा उच्चारून गुळगुळीत झालेल्या सुरात त्यांनी जिन्याकडे हाक दिली.

"आहेस का गं वर?"

"आहे!" खडूचा आवाज आला.

त्यामागोमाग, किंचित खालच्या पट्टीत, सावकाश, दुसरे "आहे."

बाईंचा ब्रश प्रबंधाच्या कण्यावर थबकला. खळीचा ओघळ पुठ्ठ्यावरून टेबलावर उतरू लागला. त्या पुसायच्या विसरल्या. चेहऱ्यावर भीती नव्हती. कुणी फार दिवसांनी दार ठोठावले आणि आतल्या माणसाने आवाज ओळखला, तसा तो चेहरा दिसत होता. मला मात्र मनातून ओशाळल्यासारखे झाले. खडूने घरची सवय इथे आणली होती, परक्या हाकेला तिने आमच्या पद्धतीने दोनदा ओ दिली होती आणि एका दुखावलेल्या बाईची आशा उगाचच चाळवली होती. खडू खाली आल्यावर बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

"राहशील ना गं इथे?"

"संध्याकाळी आबा फोन करून कळवतील, काकू," खडू म्हणाली.

विद्यापीठासमोरच्या बागेत एका बाकावर आम्ही चहा घेत बसलो. मी माझा निष्कर्ष सांगितला. बांधणीवाल्या बाईंची खोली प्रत्येक बाबतीत सरस होती. भिंती, प्रकाश, जिना, कुलूप, शांतता.

"मलाही तीच बरी वाटते," खडू म्हणाली. "काकूंनाही कुणीतरी हवंय. आणि मला सवय आहेच की, अशा खोलीत राहायची."

"अशा म्हणजे?"

"दुसऱ्याच्या. पेन्सिली टोक काढून ठेवलेल्या असतात ना, तशा."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच मला ते अधिक लागले. मी विषय बदलला. "एक सांगू? रागावणार नाहीस ना? बाईंच्या हाकेला तू दोनदा ओ दिलीस. घरी ठीक आहे गं. पण परक्याच्या घरी असं करू नये. त्यांना काय वाटलं असेल?"

खडूने कप खाली ठेवला.

"मी एकदाच म्हणाले, आबा."

"मी ऐकलं ना. दोनदा."

"एकदाच. तेसुद्धा सवयीनं तोंडातून निघून गेलं. दुसरं मीही ऐकलं. मला वाटलं, तुम्ही म्हणालात खालून."

"मी कशाला म्हणेन? हाक त्यांची, घर त्यांचं."

"घरी म्हणता तसं."

मी तिच्याकडे पाहत राहिलो. समोरून मुलांचा एक घोळका मोठ्याने हसत गेला.

"घरी मी म्हणत नाही," मी म्हणालो. "घरी तू म्हणतेस. एकदा तुझं आणि एकदा आईचं."

"मी लहानपणापासून एकदाच म्हणते," ती म्हणाली. "दुसरं तुम्ही म्हणता, आईसाठी, हळू आवाजात. मला वाटायचं, तुम्हाला लाज वाटते म्हणून त्याबद्दल कधी बोलत नाही. मीही विचारलं नाही."

जिन्याच्या पोकळीत आवाजाची दिशा कळत नाही, हे मला व्यवसायाने ठाऊक होते. खालच्याला वरून आल्यासारखे वाटते, वरच्याला खालून. त्या एका तांत्रिक कारणामुळे आम्ही दोघे इतकी वर्षे निर्धास्त राहिलो होतो. मी चहाचा घोट घेतला. तो गार झाला होता.

"मग ते घरी..." खडूने वाक्य सोडून दिले. मग म्हणाली, "तुमच्या लक्षात येतंय का, आबा? मी काकूंच्या घरी राहिले, तर त्या रोज हाक मारतील. आणि मी रोज ओ देईन. न देणं मला जमायचंच नाही, शिकलेच नाही मी. मग काही दिवसांनी त्यातलं माझं कुठलं, ते मला तरी ओळखू येईल का?"

"मग काय करायचं?"

"वसतिगृह. रेक्टरबाई नाव घेणार, मी म्हणणार, पुढचं नाव." तिने जबरदस्तीने हसून घेतले. "तिथे मागाहून कुणी बोललं, तर ती उशी मारेल."

"ओल आहे तिथे. झडपही बसत नाही."

"आबा."

"बरं," मी म्हणालो. ज्या जागेला मी सर्वांत आधी नापास केले होते, ती घ्यायचे त्या बाकावर ठरले. माझ्या साऱ्या नोकरीत मी निष्कर्ष असा कधी फिरवला नव्हता.

संध्याकाळी बसथांब्यावरून मी बाईंना फोन केला. खडू बाजूला उभी राहून बसची पाटी वाचत होती. मुलगी वसतिगृहात राहील, असे मी सांगितले. दिलगिरी व्यक्त केली.

"पण तिनं ओ दिली होती," त्या म्हणाल्या. "दोनदा दिली."

सत्य सांगावे की नाही, याचा मी विचार केला. पाहणीत जे आढळले, ते लपवायचे नाही, हे माझे आयुष्यभराचे व्रत.

"ती एकदाच बोलली, बाई. मी तिला विचारलं. एकदाच."

"एकदाच?"

"हो."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. त्यांनी तो बंद केला नव्हता. खुर्ची सरकली. मग पावले ऐकू आली आणि मग जिन्याची लाकडी पायरी करकरली. मग दुसरी. मध्ये बराच वेळ काही नाही, फक्त कठड्याला धरून घेतलेला दम. मग पुढची. ज्यांना जिना चढवत नव्हता, त्या बाई वर निघाल्या होत्या. मी फोन कानाला लावून उभा होतो, ठेवून देण्याचे सुचले नाही. पायऱ्या संपल्या. लांबून, पण अगदी स्पष्ट, त्यांची हाक आली.

"आहेस का गं?"

उत्तर येण्यापूर्वी मी फोन बंद केला.

वर्ग सुरू झाले, तेव्हा खडूला पोहोचवायला मी गेलो. खिडकीची झडप मी स्वतः तासून बसवून दिली. उशी मारणारीने माझा रंधा हातात घेऊन पाहिला आणि विचारले, "आजोबा, माझ्या कपाटाचं दारही असंच आहे. तेवढं कराल का?" तेही केले. निघताना खडू फाटकापर्यंत आली.

"आज घरी पोहोचल्यावर हाक माराल का?" तिने विचारले.

"माहीत नाही."

"मारली, तर नीट ऐका," ती म्हणाली. एवढेच म्हणून ती आत पळाली, कारण हजेरीची घंटा झाली होती.

घरी पोहोचलो, तेव्हा बरीच रात्र झाली होती. मी हातपाय धुतले. खडूच्या खोलीत गेलो नाही. मग कडी घालायला जिन्याच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिलो. हाक द्यायची नाही, असे वाटेत मी जवळजवळ ठरवले होते. कार्यशाळेत शेवटचा माणूस बाहेर पडल्यावर निदेशकही हाक देत नसत, हे स्वतःला बजावून झाले होते. पण हात कडीकडे गेला आणि तोंडातून ते शब्द निघूनच गेले.

"सगळे आहेत का घरात?"

घर शांत होते. मग वरून, किंचित खालच्या पट्टीत, सावकाश, एकच ओ आली.

"आहे."

हा आवाज मी ओळखत होतो. इतकी वर्षे तो नातीच्या आवाजाच्या आड उभा राहून बोलत होता, म्हणून मी त्याला त्याच्या नावाने ओळखले नव्हते, इतकेच. मी जिन्याच्या कठड्याला धरले. वर पुन्हा शांतता पसरली, पण ती रिकामी नव्हती. तिथे कुणीतरी कान देऊन थांबले होते. मी रोज थांबायचो, अगदी तसेच. आधीची, टोकदार ओ आज आली नव्हती. वर जे कुणी होते, ते तिचीच वाट पाहत होते, आणि त्याला कुणी काही सांगितले नव्हते.

मग मी माझ्या कामातल्या सुरात बोलू लागलो, कारण दुसरा सूर मला सुचला नाही.

"खडू नाही आज घरात," मी म्हणालो. "ती विद्यापीठात आहे. वसतिगृहात राहते. मीच पोहोचवून आलो. खोलीत चौघीजणी आहेत. वरच्या कोपऱ्यात थोडी ओल आहे, पण ती गच्चीच्या उतारामुळे, भिंतीत दोष नाही. त्यांना सांगून आलोय. झडप बसत नव्हती, ती मी बसवली. खाट खिडकीजवळची मिळाली आहे. शेजारची मुलगी जरा दांडगट आहे, पण मनानं चांगली वाटली. जेवण मी चाखून पाहिलं. मीठ कमी आहे."

वरून काही आले नाही.

"तिथे रोज हजेरी घेतात," मी म्हणालो. "ती ओ देते. मी फाटकाबाहेर उभं राहून ऐकलं, बाळ. एकदाच देते."

बऱ्याच वेळाने वरच्या खोलीच्या दारापाशी पायरी हलकेच वाजली. माणूस उभा राहून दमला की बसतो, तशी. मी आणखी थोडा वेळ खाली उभा राहिलो. मग कडी घातली.